खोलण्याआधी मोजा! जुन्या फियाटचे इंजिन घरी दुरुस्त करताना

जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या घरी ओव्हरहॉल करण्याची हौस अनेकांना असते. पाने-पकड हाती घेतली की काम सुरू झाले, असे वाटते. प्रत्यक्षात या कामाचा कणा आहे तो मोजमापाचा. न मोजता केलेली एक चूक पन्नास वर्षे टिकलेले इंजिन कायमचे निकामी करू शकते.

वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फियाट हे दृश्य पुण्या-मुंबईच्या माणसाला अनोळखी नाही. ‘गाडी उत्तम आहे, फक्त इंजिनाचं थोडं काम आहे,’ असे घरातील मंडळी वर्षानुवर्षे सांगत असतात. ते ‘थोडे काम’ मात्र होत नाही. एक दिवस घर विकले जाते किंवा सोसायटीची नोटीस येते आणि गाडी भंगारात जाते.

आमच्या घरी हेच होण्याच्या बेतात होते. आजोबांनी घेतलेली १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट ते गेल्यापासून जागची हलली नव्हती. पुण्यातील आमच्या जुन्या घराचा पुनर्विकास ठरला आणि जागा रिकामी करण्यास चार महिन्यांची मुदत मिळाली. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. बँकेतून निवृत्त झालेले काका तेवढे शांत होते. रात्री जेवताना ते म्हणाले, ‘चार महिने पुष्कळ झाले. इंजिन मी घरी खोलतो. तू फक्त रविवारी येत जा.’

काकांना हाताने काम करण्याची सवय होती, पण संपूर्ण इंजिन त्यांनी कधी खोललेले नव्हते. त्या रविवारांमध्ये आम्ही काय शिकलो आणि अशा कामात सामान्य माणसाने काय जाणून घ्यावे, याचा हा आढावा.

ओव्हरहॉल म्हणजे नेमके काय?

इंजिन दुरुस्त करणे आणि ओव्हरहॉल करणे यांत फरक आहे. बिघडलेला एखादा भाग बदलला की दुरुस्ती होते. ओव्हरहॉलमध्ये इंजिन पूर्णपणे सुटे केले जाते, प्रत्येक भाग स्वच्छ करून त्याची झीज मोजली जाते, मर्यादेबाहेर झिजलेले भाग बदलले किंवा यंत्रावर घासून नव्या मापाचे केले जातात आणि सारे पुन्हा जुळवले जाते.

इंजिन झिजते कोठे? पिस्टन सिलिंडरच्या नळीत, म्हणजे बोअरमध्ये, वर-खाली सरकतो. त्याच्या खाचांमध्ये बसवलेल्या रिंगा ज्वलनाचा दाब वर अडवतात आणि खालचे तेल वर येऊ देत नाहीत. रिंगा व बोअर झिजले की दाब खाली गळतो आणि तेल वर जाऊन जळते. पिस्टनची हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला मिळते. हा दांडा पातळ तेलाच्या थरावर, बेअरिंगच्या पाळ्यांमध्ये फिरतो. या पाळ्या झिजल्या की तेलाचा दाब उतरतो आणि इंजिन ठोकू लागते. तिसरी जागा व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांचा मेळ बिघडला की दाब तेथूनही निसटतो.

या कामाचे दोन भाग पडतात. खोलणे, धुणे, मोजणे आणि जुळवणे हे काम घरी होऊ शकते. चुकले तरी बहुधा पुन्हा करता येते. बोअर मोठा करणे, क्रँकशाफ्ट घासणे आणि हेडचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे मात्र यंत्रावरच होतात आणि त्यात धातू कमी होतो. काढलेला धातू पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे यंत्रशाळेत जाण्यापूर्वी आपल्या हाती आकडे असणे महत्त्वाचे ठरते.

कुर्ल्याचे इटालियन इंजिन

फियाट ११००चे इंजिन मूळचे इटालियन. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी., पिस्टनची धाव ७५ मि.मी. आणि चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर क्षमता, ही मापे १९३७ मध्ये फियाटने आणलेल्या मोटारीतील इंजिनाची आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे याच घराण्याच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर तीच मोटार आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. शतक उलटताना तिचे उत्पादन थांबले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे हे इंजिन घराघरांत ओळखीचे झाले. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. या घटनेचे वर्णन त्या वेळी भावनेच्या अंगाने झाले. जुनी फियाट बाळगणाऱ्यांच्या दृष्टीने तिला व्यावहारिक बाजूही आहे. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, तोवर पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांना रोजचे गिऱ्हाईक होते आणि हे इंजिन डोळे मिटून जुळवणारे मिस्त्रीही होते. आता पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाग मिळाला, तर तो बहुधा जुन्या साठ्यातला असतो. म्हणूनच जे भाग हाताशी आहेत ते वाया न घालवणे, हे पहिले पथ्य.

इंजिनाची रचना घरी शिकण्याजोगी सोपी आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असून तो साखळीने फिरतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत आठ व्हॉल्व्ह उघडतो. ना संगणक, ना सेन्सर. नीट पाहिले की कोणता भाग काय करतो हे डोळ्यांना दिसते.

आधी निदान, मग पाना

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन थेट स्टार्टर देऊन फिरवण्याचा मोह टाळावा. रिंगा बोअरला गंजाने चिकटलेल्या असतील, तर त्या तुटून बोअरवर ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, ते काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकशाफ्ट हाताने, हलकेच फिरवून पाहावा. आमचे इंजिन पहिल्या रविवारी तसूभरही हलले नाही. तिसऱ्या रविवारी ते सुटले.

इंजिन चालत असेल तर धूर बरेच काही सांगतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. वेग वाढवताना तो दिसला तर रिंगांवर संशय घ्यावा. उतारावर पाय सोडून पुन्हा पेट्रोल दिल्यावर किंवा सकाळी सुरू करताच दिसला, तर व्हॉल्व्हच्या गाइडवर. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त झाल्याचा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आत शिरत असल्याची खूण.

त्यानंतर कॉम्प्रेशनची चाचणी. सर्व प्लग काढून, पेट्रोलचा पेडल पूर्ण दाबून, बॅटरीवर इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. दाबाच्या आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांमधील तफावतीला असते. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून चाचणी पुन्हा करावी. आकडा वाढला तर गळती रिंगांकडून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली. आकडा तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे पाहावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

आमच्या इंजिनात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचा दाब ११० ते ११५ पौंड भरला. तिसऱ्याचा अवघा ६०. तेल टाकल्यावर तो ८५ वर गेला. काकांनी हे आकडे वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. ‘दुखणं तिसऱ्यात आहे, चौघांत नाही,’ ते म्हणाले. या वाक्याचा अर्थ पुढे कळला.

खोलण्याची शिस्त

बॅटरीची जोडणी काढणे, पेट्रोल, पाणी आणि तेल रिकामे करणे, ही सुरुवात. इंजिन वर उचलण्यासाठी चेनपुली हवी आणि ती टांगण्यासाठी भरवशाचा आधार. पोर्चच्या छताला हुक ठोकून इंजिन टांगणे धोक्याचे आहे. चाकांची लोखंडी क्रेन भाड्याने मिळते. टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय कधीही नसावा.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. नट-बोल्ट एका डब्यात टाकू नयेत. ज्या भागाचे, त्या भागाच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. पुशरॉड आणि टॅपेट एकमेकांशी घासून आपापली जोडी जमवून बसलेले असतात. ते त्याच जागी परत गेले पाहिजेत. खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांत पुशरॉड क्रमाने खोचून ठेवले की काम भागते.

बेअरिंगच्या टोप्यांबाबत याहून अधिक काटेकोर असावे लागते. मुख्य बेअरिंगची टोपी ब्लॉकवर बसवून मगच तिचे भोक कारखान्यात कापलेले असते. टोप्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली, तर ते भोक गोल राहत नाही. म्हणून सोडण्यापूर्वी प्रत्येक टोपीवर क्रमांक आणि दिशा यांची खूण करावी. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांनाही हाच नियम लागू.

धुण्यातील धोके

जुन्या इंजिनावरील तेलाचा आणि मातीचा थर काढण्यास रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश पुरेसा असतो. पेट्रोलने भाग धुण्याची पद्धत काही गॅरेजांत दिसते, पण बंद जागेत पेट्रोलची वाफ साचून एका ठिणगीने भडका उडू शकतो. घरात तर ते कटाक्षाने टाळावे. जुन्या गॅस्केटमध्ये आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये, कोरडी खरवडू नये. ओली करून, मास्क लावून काढावी.

बिडाच्या भागांवरील चिकट थर काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण वापरतात. हेच द्रावण ॲल्युमिनियमला खाऊन टाकते आणि त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हे वाचलेले असूनही पाण्याच्या नळीची ॲल्युमिनियमची एक छोटी जोडणी माझ्याच हातून त्या बादलीत पडली. पाणी फसफसू लागले आणि चिमट्याने काढेपर्यंत ती काळी, खडबडीत झाली होती. जोडणी बाजारात मिळाली म्हणून निभावले. त्या जागी हेड असते तर गाडीचा निकाल तेथेच लागला असता.

केसाच्या जाडीचा हिशेब

आता मुख्य काम. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मि.मी. जाड असतो. इंजिनातील बहुतेक निर्णय याच्या आसपासच्या आकड्यांवर होतात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर किंवा ‘हात लावताच कळतं’ म्हणणाऱ्यावर विसंबून चालत नाही. मायक्रोमीटर, डायलचा बोअर गेज आणि फिलर गेज ही तीन उपकरणे हवीत. ती विकत न घेता जाणकाराकडून काही दिवसांसाठी मिळवता आली तरी चालते.

बोअर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथे थांबून उलटी फिरते, तेथे उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी असते. म्हणून झीज माथ्याजवळ अधिक, खाली कमी. शिवाय रॉड तिरका असताना पिस्टन बाजूच्या भिंतीवर रेटला जातो, त्यामुळे बोअर क्रँकशाफ्टच्या आडव्या दिशेने किंचित लंबगोल होतो. त्यासाठी प्रत्येक बोअरचे माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी घ्यावे लागते. चार सिलिंडरांचे मिळून चोवीस आकडे. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक जर्नलचेही असेच दोन दिशांनी माप घ्यावे.

आमच्या वहीत हे आकडे उतरले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली ही, की सिलिंडरच्या तळाशी, जेथे झीज जवळजवळ नसते, तेथे बोअर ६८ नव्हे तर ६८.४ मि.मी. होता. म्हणजे आजोबांच्या काळात इंजिन एकदा बोअर होऊन गेले होते आणि घरात कोणालाही ते ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट, तीन सिलिंडरांची झीज मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेच्या आत होती. तिसऱ्यात मात्र भिंतीवर गंजाचा खड्डा होता, नखाला अडकणारा. गाडी उभी राहिली त्या वेळी या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असावा आणि त्या वाटेने पावसाळ्यामागून पावसाळे दमट हवा आत गेली असावी.

हेडचा सपाटपणाही मोजावा लागतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन कधी पाण्याविना तापले असेल, तर हेड वाकण्याचा संभव असतो. सरळ धारेची पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फिलर गेज जाते का, हे पाहतात. हेड वाकलेले नसेल, तर ‘आलंच आहे तर एक हात मारून देऊ’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. दर वेळी हेड घासल्याने ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन खडखडण्याची प्रवृत्ती वाढते.

यंत्रशाळेत काय सांगाल?

ब्लॉक घेऊन आम्ही बोअरिंगचे काम करणाऱ्या एका यंत्रशाळेत गेलो. मिस्त्री वयस्कर, अनुभवी. गंजाचा खड्डा पाहून त्यांनी रिवाजानुसार उपाय सांगितला, ‘चारही बोअर पुढच्या मापाला घेऊ. नवे पिस्टन टाका, विषय संपला.’ सल्ला चुकीचा नव्हता. खड्डा जाईल एवढा बोअर वाढवला की चारही सिलिंडर नव्यासारखे होतात. पण त्यात तीन चांगल्या सिलिंडरांतील धातू विनाकारण गेला असता आणि ब्लॉकचे आणखी एक आयुष्य संपले असते.

काकांनी वही पुढे केली. मिस्त्रींनी चष्मा लावून चोवीस आकडे वाचले, स्वतःच्या गेजने दोन ठिकाणी पडताळले आणि म्हणाले, ‘साहेब, हे आधी दाखवायचं ना! मग एकच स्लीव्ह टाकू.’

स्लीव्ह म्हणजे बिडाची पातळ नळी. खराब झालेला बोअर मोठा कापून त्यात ती दाबून बसवतात आणि आतून हव्या त्या मापाची करतात. तिसऱ्या सिलिंडरला स्लीव्ह बसवून तो ६८.४ मि.मी.चा केला की बाकीचे तीन जसेच्या तसे राहतात. त्यांना हलके होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. क्रँकशाफ्टचे जर्नल मर्यादेत होते, ते फक्त पॉलिश झाले.

बोअर मोठा करण्याची वेळ आलीच, तर एक नियम विसरू नये. आधी पिस्टन विकत घ्यावेत आणि ते यंत्रशाळेत नेऊन द्यावेत. एकाच मापाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिस्टनमध्येही किंचित फरक असतो. म्हणून पिस्टन मोजून त्यानुसार बोअर कापतात. बोअर आधी करून मग पिस्टन शोधत बाजारात फिरणे, ही आता सुटे भाग दुर्मिळ झालेल्या काळात मोठी जोखीम आहे. इंजिन क्रमांकाच्या जागेवर यंत्र किंवा पॉलिशपेपर फिरणार नाही, हेही बजावून सांगावे.

जुळवणी : घाई नको

होनिंगनंतर बोअरच्या भिंतीवर तिरप्या रेषांची बारीक जाळी दिसते. तेल धरून ठेवण्याचे काम ती करते. त्या जाळीत दगडाचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. ते रॉकेलने निघत नाहीत. साबण आणि गरम पाण्याने बोअर घासून धुवावा, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. नंतर ताबडतोब कोरडा करून तेल लावावे, अन्यथा काही मिनिटांतच गंज धरू लागतो. ब्लॉक व क्रँकशाफ्टमधील तेलाच्या वाटाही लांब ब्रशने साफ कराव्यात. तेथे राहिलेला एक कण नव्या बेअरिंगवर चर पाडण्यास पुरेसा असतो.

रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी बोअरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजतात. दर २५ मि.मी. व्यासामागे सुमारे ०.१ मि.मी. हा ढोबळ नियम. त्यानुसार ६८ मि.मी.च्या बोअरला पाव मि.मी.हून किंचित अधिक फट येते. नेमका आकडा रिंगांच्या उत्पादकाचा पाहावा. फट फार कमी ठेवली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटून बोअर फाडते. पिस्टन बसवताना सर्व रिंगांच्या फटी एकाच रेषेत येणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

बेअरिंगला तेल लावून प्रत्येक टोपी टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधील आकड्याइतकीच आवळावी आणि दर टोपीनंतर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहावा. एखादी टोपी आवळल्यावर तो जड झाला, तर चूक त्याच टोपीत आहे. सर्व आवळून झाल्यावर हा शोध घेणे अवघड जाते. टायमिंगच्या साखळीच्या खुणा जुळवाव्यात. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, क्रमाक्रमाने, तीन टप्प्यांत आवळावेत. एका टोकापासून सुरुवात केली तर हेड वाकते. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या तारा त्याच क्रमाने लावाव्यात.

आणखी एक बाब आजच्या इंधनाची. देशात २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. साठच्या दशकातील रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा अशा मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गळतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. त्यामुळे ओव्हरहॉल करतानाच इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवावा आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. तापलेल्या इंजिनावर गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

पहिला आवाज आणि नंतरची पथ्ये

इंजिन बसल्यावर लगेच सुरू करू नये. प्लग काढून स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे, तेलाचा दाब दिसेपर्यंत. त्यानंतरच प्लग लावावेत. सुरू झाल्यावर गळती, तापमान आणि तेलाचा दाब यांवर लक्ष ठेवावे. पहिले काही दिवस इंजिन एकाच वेगाने दीर्घकाळ चालवू नये आणि चढणीवर वरच्या गिअरमध्ये रेटू नये. वेग मध्यम पण बदलता ठेवला की नव्या रिंगा बोअरशी जमवून घेतात. पहिले तेल सुमारे ५०० किलोमीटरनंतर बदलावे, कारण झिजून निघालेले धातूचे कण त्यात असतात. हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासण्याच्या सूचना मॅन्युअलमध्ये असतात, त्या पाळाव्यात.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ ही स्वतंत्र ओळख मिळाली. नव्याने होणाऱ्या नोंदणीत क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. आधीच नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेले वाहन नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसारख्या कारणांसाठीच ते चालवता येते.

या नियमात वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याचे ‘सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल’ झालेले नसावे, अशी अट आहे. तिचा रोख चासी, बॉडी किंवा इंजिन यांत केलेल्या मूलभूत बदलांकडे आहे. मूळ ब्लॉक ठेवून झीज दुरुस्त करणे आणि दुसरे इंजिन बसवणे यांतील फरक कागदावर दाखवता आला पाहिजे. म्हणून कामाची छायाचित्रे, बिले आणि मोजमापांची वही जपून ठेवावी. ब्लॉक निकामी झाला आणि दुसरा बसवावा लागला, तर नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांकाशी मेळ राहत नाही आणि परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. एकच स्लीव्ह टाकून मूळ ब्लॉक राखण्याला हेही एक कारण होते.

ठरलेल्या मुदतीला नऊ दिवस उरले असताना आमची फियाट सुरू झाली. पहिल्या खेपेला धुराने पोर्च भरून गेले, कारण बोअरला लावलेले तेल जळत होते. काही मिनिटांनी धूर विरला आणि इंजिन संथ लयीत चालू लागले. पुढच्या रविवारी काकांनी ती स्वतः चालवत आत्याच्या घरी नेली. तिची जागा आता तेथे आहे.

मोजमापांची ती वही काकांनी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. पहिल्या पानावर तारीख, बोअर ६८.४, तिसऱ्याला स्लीव्ह, क्रँकशाफ्टला हात लावलेला नाही, एवढा मजकूर आहे. आजोबांच्या वेळी कोणी असे एक पान लिहून ठेवले असते, तर आमचे दोन रविवार वाचले असते. पुढे हे इंजिन जो कोणी खोलेल, त्याचे तरी वाचतील.